चेअरमन दुडकीत आहेत

“चेअरमन बाद!”

माईकवर मी एवढंच म्हणालो. पंचानं लाल निशाण वर केलं, ते मी लोकांना सांगितलं. निवेदकाचं काम तेवढंच असतं. पण बिरोबाच्या माळावर जमलेली सगळी जत्रा अशी काही हसली की रसवंतीचा बैल फिरायचा थांबला.

कारण चेअरमन दोन होते. एक रस्त्यावर, तांबड्या रंगाचा, चार पायांचा, तोंडाला फेस आलेला. दुसरे व्यासपीठावर माझ्या शेजारच्याच खुर्चीत, गुलाबी फेटा बांधून बसलेले, आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन अण्णासाहेब मगदूम.

“काय म्हणालास?” त्यांनी विचारलं.

“घोड्याचं म्हणालो, साहेब.”

“घोड्याचं नाव चेअरमन?”

“होय, साहेब.”

“कुणी ठेवलं?”

“आमच्या आत्यानं.”

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, “ओ, बाद झालायसा न्हवं, मग उतरा की खाली!” पुन्हा सगळा माळ हसला. अण्णासाहेबही हसले. पुढारी माणूस, लोक हसत असताना गंभीर राहणं त्याला परवडत नाही. पण हसताना ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती पाहून मी माईक बंद केला आणि पाणी प्यायलो.

आता हे नाव कसं पडलं ते सांगतो. माझी सोनाआत्या म्हणजे मिरज स्टेशनवर टांगा चालवणाऱ्या केरबामामांची बायको. रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले, मामा गेले. मागे राहिली एक गाभण घोडी, आणि आत्या. घोडीनं शिंगरू दिलं आणि वर्षभरात तीही गेली. त्या शिंगरावर आत्यानं पोटच्या पोरासारखा जीव लावला, पण डोळे उघडे ठेवून.

“गव्हाणीत आधी सोता खातंय,” ती म्हणायची, “मग शेजारच्या म्हशीला लाथ घालतंय, आन काम सांगितलं की डोळं मिटून हुबं ऱ्हातंय. दुसरं काय नाव ठिवू?”

म्हणून चेअरमन. घरात हाक मारायला ते बरं होतं. शर्यतीच्या यादीत ते जाईल आणि माझ्या कर्ण्यातून चार गावांना ऐकू जाईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्याकडच्या घोडागाडी शर्यतीत नियम एकच, पण तो कडक. घोड्यानं दुडकीत, एकसारख्या ठेक्यात पळायचं. चारी पाय उचलून उड्या टाकत सुटला, म्हणजे चौखूर झाला, तर गाडीवानानं लगाम ओढून त्याला जागेवर उभं करायचं आणि पुन्हा दुडकीत काढायचं. तसा न थांबता पळत राहिला की बाद. मोटारसायकलवर मागे बसलेला पंच हातात लाल निशाण घेऊन गाड्यांच्या पाठोपाठ येतो, तो एवढंच बघतो. चौखूर कुठलाही घोडा पळतो, त्यात काय विशेष? अंगात वारं भरलेलं असताना दुडकीत राहायचं आणि तरी पुढं जायचं, ही खरी शर्यत. केरबामामा तर म्हणायचे की दुडकी ही घोड्याची अब्रू आहे.

त्या वर्षी चेअरमनचा पहिला हंगाम होता, आणि बहुधा शेवटचाही. दिवाळीत आत्या तबेल्यात घसरून पडली, मनगट मोडलं. चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेला तिचा मुलगा प्रकाश धावत आला. हाताला प्लास्टर घालून झाल्यावर त्यानं विषय काढला. मी तिथंच होतो.

“आई, पाचगणीचा एक माणूस आहे. पठारावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवतो. त्याला घोडा हवाय.”

“आन मी काय करू?”

“तू आराम कर.”

“आराम करून करून तुझं बाबा गेलं,” आत्या म्हणाली.

शेवटी तोडगा निघाला. एक हंगाम. एका तरी मैदानात चेअरमन पहिला आला तर तो राहणार, आणि प्रकाश पुन्हा कधी पाचगणीचं नाव काढणार नाही. नाही आला, तर शेवटच्या मैदानावरूनच टेम्पोत चढणार. आत्यानं मायलेकातही टाळी घेऊन करार पक्का केला. त्या घरात ती आणि घोडा, दोघंच होती. घोडा गेला असता तर सकाळी उठून तिनं कुणाशी भांडायचं, हा प्रश्न होता.

गाडी हाकायला होते बाबालालचाचा. मामांचे जुने सोबती, स्टेशनवर त्यांच्याच शेजारी टांगा लावायचे. पहिल्याच मैदानात शेवटच्या वळणावर हलगीचा आवाज आला, चेअरमन चौखूर झाला आणि चाचांच्या हातात राहिला नाही. पुढं काय झालं ते मघाशी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब स्वतः आत्याच्या दारात आले.

“सोनाबाई, घोड्याचं नाव बदला.”

“का वं?”

“लोकांचा गैरसमज होतो.”

“कसला?”

गैरसमज होत नव्हता, समज होत होता, हीच तर अडचण होती.

“राजा ठेवा, सर्जा ठेवा. नावांना काय तोटा आहे?”

“ठिवते की. पर त्यो दुसऱ्या नावाला वळायला पायजे,” आत्या म्हणाली आणि तबेल्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, “राजाऽऽ!” आत काही हाललं नाही. “सर्जाऽऽ!” काही नाही. मग ती नुसती पुटपुटल्यासारखी म्हणाली, “चेअरमन.” आतून लगेच खिंकाळी आली.

“बघा,” आत्या म्हणाली. “आता तुमीच समजावून सांगा त्याला.”

अण्णासाहेब निघून गेले. त्या आठवड्यात आत्याच्या म्हशीच्या दुधाला संस्थेत फॅट लागेना. म्हैस तीच, वैरण तीच, पण यंत्र म्हणे दूध पाणीदार आहे. पुढच्या आठवड्यात तर दूध परतच पाठवलं. आत्यानं ते सगळं चेअरमनच्या चंदीत ओतलं. घोडा तुकतुकीत दिसायला लागला.

पण अण्णासाहेब काही उगीच तीन वेळा निवडून आले नव्हते. उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक होती. त्यांनी डोकं चालवलं आणि मला बोलावून घेतलं.

“नाव राहू दे,” ते म्हणाले. “चारपाच गावांत कर्ण्यावरून आपलं नाव जातंय, फुकट. वाईट काय आहे? फक्त घोडा जिंकला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे, अरेतुरे बंद.”

“कुणाला?”

“घोड्याला. चेअरमन आला, चेअरमन गेला, असं चालणार नाही. पदाचा मान राहिला पाहिजे. चेअरमनसाहेब आले, असं म्हणायचं.”

“साहेब, घोडा आहे तो.”

“संस्थेच्या सभेचा माईक तुझ्याकडंच असतो ना?” त्यांनी विचारलं.

असतो, म्हणालो, आणि त्या दिवसापासून घोड्याला अहोजाहो सुरू झालं.

पहिल्यांदा जीभ अडखळली. मग इतकी सरावली की विचारू नका. “चेअरमनसाहेबांचं मैदानात आगमन होत आहे. चेअरमनसाहेब दुडकीत आहेत. साहेबांनी मान हलवली आहे, साहेब प्रसन्न दिसत आहेत.” एकदा व्यासपीठासमोरच घोड्यानं शेपटी वर केली. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मी म्हणालो, “साहेब थोडे मोकळे होत आहेत, प्रेक्षकांनी सहकार्य करावं.” दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी माझ्या भाषेचं खास कौतुक केलं.

दुसऱ्या मैदानातही शेवटच्या वळणावर घोडा चौखूर झाला. पंचानं निशाण उचललं, व्यासपीठाकडे पाहिलं, आणि त्याच निशाणानं तोंडाचा घाम पुसला. गाडी पहिली आली. अण्णासाहेबांनी चाचांना स्वतःच्या हातानं फेटा बांधला. संस्थेच्या कचेरीत काचेच्या कपाटात ढाल लागली. आत्याच्या दुधाला दुसऱ्या दिवसापासून असं फॅट लागायला लागलं की म्हशीलाही आश्चर्य वाटावं.

मी आनंदानं आत्याकडे गेलो. “आत्या, करार जिंकलीस. आता घोडा कुठं जात नाही.”

आत्या घोड्याच्या पायाला शेक देत होती. तिनं वर पाहिलंच नाही. “फोन लाव पर्काशला.”

लावून दिला. मला वाटलं, आनंदाची बातमी सांगेल.

“पर्काश, घोडा पयला आला म्हणून सांगतील लोकं. धरू नगंस. चौखूर आलाय.” पलीकडून तो काहीतरी म्हणाला. “तुला चालंल, मला न्हाई चालत. करार खऱ्याचा हाय.” आणि फोन माझ्या हातात दिला.

मला तिचा राग आला. आयता वाचलेला घोडा स्वतःच्या तोंडानं पुन्हा टांगणीला लावला होता.

पण तिला जे कळलं होतं ते आम्हा बाकीच्यांना महिन्याभरानं दिसलं. घोडा बिघडत चालला. चौखूर झालं की कुणी लगाम ओढत नाही, उलट हलगी जोरात वाजते आणि गूळ मिळतो, हे त्यानं दोनच मैदानांत ओळखलं. आधी तो वळणावर चाल मोडायचा, मग ओढ्याजवळ, मग सुटल्या सुटल्या. घरी अंग घासायला खरारा लावू देईना. आत्यानं कान धरला तर तिच्याच अंगावर दात काढायला लागला.

“माझ्या जनावराला तुमी खरोखरचा चेअरमन केलासा,” ती मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शिवाय बाकीचे गाडीवान काय डोळे बांधून बसले होते? चेअरमनला चालतं मग आमच्या लक्ष्याला का नाही, म्हणून सोनी गावच्या गाडीवाल्यानं भांडण काढलं. पंच काय बोलणार? त्यालाही चौखूर सोडलं. मग तिसऱ्याला, चौथ्याला. हंगाम संपत आला तेव्हा सगळ्याच गाड्या पहिल्यापासून शेवटपर्यंत उधळत होत्या, पंच निशाण मोटारसायकलच्या डिकीत ठेवून आरामात मागे बसत होता, आणि मी माईकवर सगळ्यांना सांगत होतो की स्पर्धा अत्यंत चुरशीची आणि नियमाला धरून चालू आहे.

शेवटचं मैदान पुन्हा आमच्याच माळावर होतं. प्रकाश आदल्या दिवशीच आला होता. पाचगणीवाल्याचा टेम्पो रस्त्याच्या कडेला फळी खाली सोडून उभा होता. आत्यानं चाचांना बाजूला घेतलं.

“बाबालालभाऊ, आज चाल मोडली की लगाम वडायचा. हुबा करायचा.”

“वैनी, जिंकता घोडा कोन वडून धरतंय का?” चाचांच्या डोक्याला अण्णासाहेबांनी बांधलेला फेटा होता. तो त्यांनी हंगामभर उतरवला नव्हता, असं त्यांची बायको सांगायची. “साहेब काय म्हनतील?”

“मग उतरा खाली.”

“आन हाकनार कोन?”

आत्यानं पदर खोचला आणि चाकावर पाय देऊन वर चढली.

व्यासपीठावर एकच गोंधळ झाला. बाई गाडी हाकणार? पंचांनी नियम आठवून पाहिले. बाईनं हाकू नये असं कुठंच नव्हतं, कारण नियम करणाऱ्यांना तशी शंकाच आली नव्हती. अण्णासाहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग समोर बसलेल्या बायका पाहिल्या, निवडणूक आठवली, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“बोल,” ते मला म्हणाले. “महिलांना संधी दिली म्हणून बोल.”

मी बोललो.

पाच गाड्या सुटल्या आणि सुटल्या सुटल्या पाचही चौखूर. चेअरमनही. व्यासपीठावरून ओढ्यापर्यंतचा रस्ता स्पष्ट दिसत होता. तो दुसरा होता, पहिल्याच्या मागोमाग. मग आत्या मागे रेललेली दिसली. तिचे दोन्ही हात छातीशी आले. बरं झालेलं ते मनगट, आणि त्या हातानं ती लगाम ओढत होती. घोड्यानं मान झटकली, मागचे पाय फेकले, गाडी रस्त्यातच आडवी झाली. तिनं सोडलं नाही. सगळ्या गाड्या पुढं निघून गेल्या. धुरळा बसला तेव्हा भर रस्त्यात चेअरमन उभा होता आणि आत्या त्याच्याशी बोलत होती. काय बोलत होती देव जाणे. नंतर विचारलं तर म्हणाली, शिव्या देत होते.

लोक हसायला लागले. अण्णासाहेब माझ्या कानाशी आले. “गाडीत बिघाड झाला म्हणून सांग.”

मी काही सांगायच्या आत घोडा निघाला.

दुडकीत निघाला. टपटप, टपटप, एका ठेक्यात. ओढ्यापाशी त्याची मान वर झाली, आता उधळतो की काय असं वाटलं, नाही उधळला. वळणावर हलगीवाल्यांनी सवयीनं जोर केला. त्याचे कान टवकारले, पाठीवरून शिरशिरी गेली, आणि आत्याचे हात मात्र मुळीच हलले नाहीत. वळणातून तो सरळ रेषेत बाहेर आला, ताठ मानेनं, रुबाबात. मामा गेल्यापासून तशी चाल मी पाहिली नव्हती. माळावरचं हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आला! आला रे माझा चेअरमन! बघा कसा येतोय! ये माझ्या राजा, ये, सांभाळून ये!”

“साहेब कुठं गेलं?” अण्णासाहेब खेकसले. “मान कुठं गेला?”

“साहेब खुर्चीवर आहेत,” मी म्हणालो. “रस्त्यावर घोडा आहे.”

माईक चालूच होता, हे मला नंतर कळलं. त्या वर्षीच्या सभेला कर्णे दुसऱ्याचे लागले.

चेअरमननं रेघ ओलांडली तेव्हा सोनीचा लक्ष्या कधीचाच पहिला येऊन गूळ खात होता. आत्या गाडीतून उतरली, तशीच व्यासपीठापाशी आली.

“पंच, निशाण का दाखवलं न्हाईसा?”

पंच डिकीकडे बघायला लागला.

“चार गाड्या चौखूर आल्या. एकालाबी हुबं केलं न्हाई. माझा मोडला, मी हुबा केला, दुडकीत आणला. नियम काय म्हणतोय?”

नियम काय म्हणतो ते माळावरच्या पोराठोरांनाही ठाऊक होतं. चारी बाद, चेअरमन पहिला. पंचानं अण्णासाहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता हे उडी मारून ढाल घेतील. त्यांच्याच नावाचा घोडा, आणि या वेळी खरा जिंकलेला!

पण अण्णासाहेब आमच्यापेक्षा पुढचं बघत होते. आज नियम लावला, तर तो हंगामभर कुठं होता, असं कुणीतरी विचारणार. मग कपाटातल्या ढालीचं काय करायचं?

“सोनाबाई,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “खेळ खेळासारखा घ्या. शेवटचा तो शेवटचा.”

टाळ्या पडल्या. ढाल लक्ष्याला मिळाली. अण्णासाहेबांनी शिस्तीच्या महत्त्वावर भाषण केलं आणि पुढच्या महिन्यात ते बिनविरोध निवडून आले.

आत्या गाडी सोडून घोड्याला टेम्पोकडे घेऊन चालली. करार तो करार. मी माईक टाकून मागोमाग गेलो. ती रडत नव्हती, पण चालताना तिचा हात घोड्याच्या मानेवरून निघत नव्हता. रस्त्याच्या कडेला प्रकाश एकटाच उभा होता.

“टेम्पो कुठाय?” तिनं विचारलं.

“पाठवला परत.”

“का? शेवटचा आलाय की.”

प्रकाशनं तिच्या हातातला लगाम घेतला. मग म्हणाला, “आई, कंपनीत मी काय काम करतो, माहीत आहे तुला?”

“न्हाई. तू कवा सांगितलंस?”

“माल तपासतो. समोर पट्ट्यावरून नग येतात. मापात बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. आधी कुठला आला, कुणाच्या मशीनवरून आला, ते बघायचं नसतं.” त्यानं घोड्याच्या घामेजलेल्या मानेवर हात ठेवला. “आज एकच मापात बसला.”

तेव्हा मात्र आत्या रडली. मामा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. भर रस्त्यात, घोड्याच्या मानेत तोंड घालून, मोठ्यानं रडली. प्रकाशला काय करावं कळेना, मला तर मुळीच कळेना. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्याकडे रागानं पाहिलं.

“मग हुबा का ऱ्हायलास? घामाघूम झालाय त्यो. जा, खरारा आण.”